पिठाचा डोंगर

मे महिन्यात हरणांच्या सोडतीचा निकाल लागतो, तेव्हा आमच्या गावात दोन दिवस कुणाचंच कामात लक्ष नसतं. पोस्टात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर एकच विचारणा चालू असते, ‘निघाला का?’ निघाला म्हणजे टॅग निघाला. टॅग म्हणजे ठरलेल्या डोंगररांगेत, ठरलेल्या दिवसांत, एक नर मारायचा परवाना. मागणारे पुष्कळ आणि टॅग मोजके, म्हणून सोडत. ज्याचं नाव निघत नाही त्याला एक पॉइंट मिळतो, आणि पॉइंट जितके जास्त तितकी पुढच्या खेपेला नाव निघायची शक्यता जास्त. नाव निघालं की साठलेले सगळे पॉइंट संपतात. त्यामुळे नेवाडातली माणसं पॉइंट दागिन्यांसारखे जपतात. गुडघे कामातून गेलेले, अंगणापर्यंत जाताना धापा टाकणारे म्हातारेसुद्धा दर वर्षी अर्ज भरतात आणि ‘शिकार नको, नुसता पॉइंट द्या’ अशी खूण करतात. कशासाठी, असं त्यांना विचारायचं नसतं.

यंदा आयडेला हार्कर यांचा टॅग निघाला, आणि तो निघायला नको होता.

पूर्वी दोघांचे अर्ज त्यांचे यजमान वेल्डन भरायचे. इथे बऱ्याच घरांत नवरे बायकोच्या नावानेही पॉइंट साठवून ठेवतात. बायको बंदुकीला हात लावो न लावो. पण दोन वर्षांपासून वेल्डनच्या नजरेच्या मधोमध एक काळा डाग येऊन बसला आहे. कडेकडेचं थोडं दिसतं, समोरचं दिसत नाही. म्हणून या वेळी कॉम्प्युटरपुढे आयडेला बसल्या आणि शेजारी वेल्डन. दोघांच्याही नावावर नुसता पॉइंट घ्यायचा असं ठरलेलं होतं. वेल्डनच्या अर्जावर त्यांनी बरोबर खूण केली. स्वतःचा अर्ज भरताना मध्येच ओव्हनची घंटा वाजली. त्या उठल्या, पाव बाहेर काढला, हात पुसत परत आल्या आणि अर्ज पाठवून मोकळ्या झाल्या. खूण करायची राहिली. बावीस वर्षांचे साठलेले पॉइंट घेऊन त्यांचं नाव सोडतीत गेलं, आणि पहिल्या झटक्यात निघालं.

मी त्यांच्या परसातल्या चाकांच्या घरात भाड्याने राहते. सोन्याच्या खाणीवर मोजणीचं काम करते. सहा वर्षं झाली. निकालाच्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. वेल्डननी काटा खाली ठेवला.

“बावीस वर्षं,” ते म्हणाले. “एका पावापायी.”

“पाव चांगला झाला होता,” आयडेला म्हणाल्या. “अर्धा तूच खाल्लास.”

आयडेलांनी आयुष्यभर गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. पन्नाशीच्या आतला गावातला कोणताही माणूस त्यांच्या हातची दालचिनीची गुंडाळी खाऊन मोठा झालेला आहे; शेरीफसुद्धा त्यांना रस्त्यात पाहिलं की आधी टोपी काढतो. उंचीने बेताच्या, रुंद हातांच्या, बोलताना समोरच्याच्या बाहीवरचा दोरा काढणाऱ्या. मूल नाही. शाळेला सुट्टी नसली तरी ऑक्टोबरातला एक आठवडा त्या हक्काने मागून घ्यायच्या, कारण त्या आठवड्यात वेल्डन, त्यांचा जिवलग दोस्त डॉन उरुतिया आणि आता हयात नसलेला रॉय बॅसेट हे तिघं शिकारीला जायचे, आणि तळावर स्वयंपाक आयडेलांचा असायचा.

तळाची जागा ठरलेली. गावापासून दक्षिणेला, खडूसारख्या पांढऱ्या कड्यांचा एक डोंगर आहे. त्याच्या कुशीत सुपाच्या आकाराचं एक खोरं. सुपाचं तोंड पूर्वेला, खाली; तिथे सोंडेच्या आडोशाला हार्करांचा तंबू. दुसरं कुणी तिथे तंबू ठोकत नाही. पाटी नाही, कुंपण नाही, पण गावाला माहीत आहे. तिघं पुरुष पहाटे वर जायचे आणि संध्याकाळी उतरायचे. आयडेला दिवसभर खाली. डोंगरावर काय घडलं ते त्यांना शेकोटीशी ऐकायला मिळायचं, तेही तिघांच्या तीन तऱ्हांनी.

वेल्डन तालुक्याच्या रस्ते खात्यात होते. उन्हाळ्यात कच्चे रस्ते घासून सपाट करायचे, हिवाळ्यात बर्फ ढकलायचा. या भागातला प्रत्येक रस्ता त्यांच्या यंत्राच्या पात्याखालून गेलेला. अशा माणसाला गेल्या ऑक्टोबरात तळापासून हाकेच्या अंतरावर वाट सापडेना. लाकडं आणायला गेले, सोंडेला वळसा घालताना चुकले, आणि दुपारभर सेजच्या उग्र वासाच्या झुडपांतून गोल गोल फिरत राहिले. डॉनने शेवटी त्यांना शोधून काढलं आणि हाताला धरून आणलं. त्या संध्याकाळी शेकोटीशी कुणीच काही बोललं नाही. परतीच्या वाटेवर वेल्डननी सांगून टाकलं की आता पुन्हा नाही. घरी आल्यावर त्यांनी रायफल पुसून कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली आयडेलांच्या हातात दिली.

म्हणून टॅग निघाल्याचा आनंद त्या घरात कुणाला झाला नाही. टॅग परत करता येतो. मोसम सुरू व्हायच्या आत पाठवून दिला की पॉइंटही परत मिळतात. वेल्डनचं म्हणणं, परत करायचा नाही, तू डॉनबरोबर जा. आयडेलांचं म्हणणं, तू येणार असशील तरच जाईन, नाहीतर परत करते. तंबूत मी एकटी कुणासाठी स्वयंपाक करू, असं त्या म्हणायच्या. वेल्डन म्हणायचे, तुला आता स्वयंपाक करायचाच नाहीये, शिकार करायची आहे. मग टीव्हीचा आवाज वाढायचा.

जूनमध्ये डॉन आले. स्पेनकडून आलेल्या बास्क मेंढपाळाचा हा मुलगा आता सत्तरीत, खांद्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, पण जिभेला काही झालेलं नाही. कॉफी घेता घेता त्यांनी तोडगा काढला. आयडेलांनी गाडीत बसायचं, थर्मासमधली कॉफी प्यायची. गोळी आपण मारू, टॅग आयडेलांचा लावू. कोण बघायला येतंय डोंगरावर.

आयडेलांनी त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली. “डॉन, चौथीत असताना तू दुसऱ्याच्या ताटातला केक उचलला होतास, हे तुझ्या आईनेच मला सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “या वयात पुन्हा नको.”

डॉन हसले, वेल्डनही हसले. पण डॉन गेल्यावर आयडेलांनी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि रायफल आणून वेल्डनच्या मांडीवर ठेवली. जाईन की नाही ते नंतर बघू, म्हणाल्या, आधी शिकव तर. वेल्डनना नाही म्हणता आलं नाही. हात रायफलवर फिरत होतेच.

गावाबाहेर खडी काढून सोडलेला एक खड्डा आहे. तिथे त्यांचं शिक्षण सुरू झालं. मी गाडी चालवायची आणि लांबच्या पुठ्ठ्यावर गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून बघून सांगायचं. पहिले काही दिवस गोळ्या पुठ्ठ्याच्या आसपाससुद्धा गेल्या नाहीत. वेल्डन आयडेलांच्या मागे उभे राहून त्यांच्या खांद्यावर पंजा ठेवायचे. त्यांना पुठ्ठा दिसत नव्हता, बायकोही नीट दिसत नव्हती, पण दोष कुठे आहे ते त्या पंजाला कळलं. धडाक्याच्या भीतीने आयडेला घोडा ओढायच्या आधीच दचकत होत्या.

मग त्यांनी एक युक्ती केली. रायफल ते स्वतः भरू लागले, आयडेलांकडे पाठ करून. कधी गोळी घालायचे, कधी रिकामीच द्यायचे. आत काय आहे ते आयडेलांना ठाऊक नसायचं. रिकाम्या रायफलीचा घोडा नुसता ‘टक’ करायचा आणि आयडेला मात्र दचकून नळी हलवायच्या. आपण कशाला घाबरतोय ते त्यांना स्वतःलाच दिसू लागलं. हळूहळू दचकणं कमी झालं. जुलै संपता संपता एके सकाळी वेल्डननी सलग बऱ्याच वेळा रिकामी रायफल दिली आणि त्यांच्या पंजाखालचा खांदा एकदाही हलला नाही. मग त्यांनी न सांगता गोळी भरली. मी दुर्बिणीतून पाहिलं आणि सांगितलं की मधोमध लागली. आयडेलांनी रायफल खाली ठेवली आणि वेल्डनच्या शर्टाची कॉलर सरळ केली, एवढंच.

गाडीत बसताना मात्र त्या म्हणाल्या, “बघ, तू मागे उभा असलास की जमतं.”

“तिथे वर मी मागे उभा नसणार,” वेल्डन म्हणाले. आणि पुन्हा तेच सुरू झालं.

ऑगस्टमध्ये बेत आखायची वेळ आली. जाणार की नाही हे ठरलेलं नसतानाही बेत आखायचा हे इथल्या लोकांना विचित्र वाटत नाही; शिकारीपेक्षा बेत जास्त महिने चालतो. मी खाणीवरून डोंगराचा मोठा नकाशा छापून आणला, उंचीच्या रेषा असलेला. माझ्या दृष्टीने त्या कागदावर सगळं होतं. वेल्डननी त्यावर हात फिरवला. गुळगुळीत कागद. त्यांनी मान एका बाजूला वळवून डोळ्यांच्या कडेने तो बघायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. म्हणाले, छान आहे पोरी, तुम्ही दोघी बघा.

त्या दिवशी मी घरी परतताना आयडेला परसात आल्या आणि त्यांनी मला विचारलं की या रेषा म्हणजे नेमकं काय. मी समजावलं की एका रेषेवरच्या सगळ्या जागा एकाच उंचीच्या असतात. प्रत्येक रेषेच्या आकाराची चकती कापून एकावर एक रचली तर डोंगर तयार होईल. “म्हणजे बिस्किटांची उतरंड,” त्या म्हणाल्या. “आधी सांगायचं ना.”

शनिवारी आम्ही मैदा, मीठ आणि पाणी घेऊन बसलो. मी नकाशावरून एकेक आकार कापून द्यायची, आयडेला पीठ लाटून त्यावर आकार ठेवून सुरी फिरवायच्या. शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या भल्यामोठ्या ट्रेमध्ये थर चढत गेले. मग ट्रे मंद आचेवर ओव्हनमध्ये. थोड्या वेळाने आम्ही काच पुसून आत पाहिलं तर डोंगर उकलत होता. सवयीच्या हाताने आयडेलांनी पिठात बेकिंग पावडर घातली होती. खोरं भरून वर आलं होतं, कड्यांना भेगा पडल्या होत्या, शिखर ओव्हनच्या छताला टेकत होतं.

वेल्डननी तो गार झाल्यावर चाचपला. “हा आमचा नव्हे,” ते गंभीरपणे म्हणाले. “हा कोलोरॅडोतला दिसतोय.” मग एक कडा मोडून त्यांनी तोंडात टाकला आणि इतका खारट लागल्यावर त्यांचा चेहरा जो झाला, त्यावर आम्ही तिघंही पोट धरून हसलो. पुष्कळ दिवसांनी त्या घरात असं हसणं झालं.

दुसरा डोंगर नीट झाला. रविवारी दुपारी तो टेबलावर ठेवला आणि वेल्डनची बोटं त्यावर चढू लागली. आधी तळाची सोंड, मग ओढा, मग उजवीकडचा कडा. बोटं चालताना त्यांचा श्वाससुद्धा चढणीवरच्यासारखा होत होता. आणि तोंडाने ते नावं घेऊ लागले. कागदावर नसलेली नावं.

हार्करांच्या तळाची एक रीत आहे. डोंगरावर कुणी काही फजिती करून घेतली की त्या जागेला त्या माणसाचं नाव पडतं, कायमचं. स्वतःच्या नावाने जागेचं नाव आपण ठेवायचं नाही. ते बाकीच्यांनी शेकोटीशी ठेवायचं. रॉयचा बूट जिथे चिखलात गेला आणि परत आला नाही, तो ‘रॉयचा बूट’. डॉनने मावळतीला जळक्या ओंडक्यावर नेम धरून गोळी घातली, ती ‘डॉनची चूक’. सगळ्यात मोठा नर समोरून गेला तेव्हा वेल्डन झाडाला टेकून झोपले होते, ती ‘वेल्डनची डुलकी’. वेल्डन एकेक नाव घ्यायचे आणि आयडेला तिथे खूण म्हणून राजम्याचा दाणा दाबून बसवायच्या, म्हणजे बोटांना लागावा.

फिरत फिरत बोटं सोंडेपाशी परत आली आणि थबकली. गेल्या वर्षी ते जिथे वाट चुकले होते, ती जागा.

“इथे काय लावू?” आयडेलांनी विचारलं.

“तिथे काही नाही.”

“काही कसं नाही?”

“डॉनने नाव ठेवलं नाही तिथलं,” वेल्डन म्हणाले. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. “रॉय बुटापायी रडकुंडीला आला होता तरी त्याला सोडलं नाही आम्ही. मला मात्र सोडलं. त्या रात्री मी वाट बघत होतो, आता कुणीतरी बोलेल, आता बोलेल. सगळे आपले ताटात बघत होते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत ना, तसं.”

वर्षभर आयडेला समजत होत्या की वेल्डनना पुन्हा वाट चुकायची भीती वाटते. त्यांनी डब्यातून एक दाणा निवडला, दोनदा बोटांत फिरवला आणि सोंडेच्या पलीकडे दाबून बसवला.

“‘वेल्डनचा फेरफटका,’” त्या म्हणाल्या. “दुपारभर लाकडं आणायला गेला आणि एक काटकी आणली नाही. मीच चूल पेटवायला खोकी फाडली. डॉनला वाटली असेल दया, मला अजिबात वाटली नव्हती. मला राग आला होता.”

वेल्डननी बोट पुढे केलं. दाणा सापडला. त्यावर ते बोट फिरवत राहिले.

“एक काटकी आणली होती,” ते अखेर म्हणाले. “पकडून चालायला.”

“ती तू तंबूत घेऊन झोपलास.”

ते हसू लागले. खूप वेळ हसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. आयडेलांनी टेबलावरचं सांडलेलं पीठ उगाच एकत्र गोळा केलं.

त्यानंतर बेत खरा सुरू झाला, कारण आता दोघंही एकाच डोंगरात होती. अडचण अशी होती: मोठे नर दिवसा खोऱ्याच्या मध्यावर, डोंगरी महॉगनीच्या बुटक्या, दाट झुडपांत बसून राहतात. आत शिरलं की काटक्या मोडतात आणि ते भलतीकडून निसटतात. बाहेर थांबलं तर अंधार पडेपर्यंत हलत नाहीत. पूर्वी तिघांपैकी एकजण झुडपात घुसायचा आणि दोघं दोन वाटा धरायचे. आता घुसणार कोण? रॉय गेला, डॉनचा खांदा बांधलेला. मी जाते म्हटलं तर वेल्डन म्हणाले, तू खाणीतली, तुझ्या पायाखालचा दगड शेजारच्या युटा राज्यापर्यंत ऐकू जातो.

आयडेला डोंगराकडे बघत बसल्या होत्या. सुपाच्या तोंडाशी, सोंडेच्या जरा पुढे, एक सपाट खडक आहे. तिथे एक दाणा होता. त्यांनी त्यावर नख वाजवलं.

“हे माझं आहे,” त्या म्हणाल्या.

ते ‘आयडेलाचं बेकन’ होतं. मी ही गोष्ट त्या घरात अनेकदा ऐकली होती. एका वर्षी वाऱ्याने तंबू आडवा केला, म्हणून आयडेलांनी त्या खडकावर स्टोव्ह मांडला आणि ऊन वर आल्यावर बेकन तळायला घेतलं. पहाटे डोंगरावरून थंड हवा खाली उतरते, पण ऊन लागलं की हवा उलटी फिरते आणि वर चढू लागते. बेकनचा वास आणि माणसाचा वास खोऱ्यात वर गेला. झुडपांतले सगळे नर उठले आणि माथ्यावरच्या खिंडीतून पलीकडे निघून गेले. रॉयने ते लांबून बघितलं आणि त्यानंतर मरेपर्यंत आयडेलांना ते ऐकवलं.

“हरणं खिंडीतून गेली ना?” आयडेलांनी विचारलं.

“सगळी,” वेल्डन म्हणाले. “एकामागे एक. तिथे कुणी नव्हतं आपलं.”

“आणि वारा त्यांच्या पाठीमागून. म्हणजे पुढे खिंडीत कुणी बसलं असतं तर त्यांना वास आला नसता.”

वेल्डनचं बोट खडकावरून निघालं, झुडपांतून गेलं, खिंडीपाशी पोचलं, आणि तिथून परत खडकावर आलं. असं दोन-तीनदा झालं.

दर सप्टेंबरला आयडेला वेल्डनचे शिकारीचे कपडे सोड्यात धुवायच्या आणि सेजच्या फांद्या घालून पोत्यात बांधून ठेवायच्या, हरणांना माणसाचा वास लागू नये म्हणून. मोसमाच्या आधी आठवडाभर वेल्डनना साबण बंद असायचा, कांदा बंद असायचा, त्यांची आवडती पाइप बंद असायची.

“मी वर खिंडीत बसते,” आयडेला म्हणाल्या. “तू खडकावर बस. मला यंदा तुझा वास हवाय.”

“नुसता बसू?”

“नुसता कशाला, बेकन तळ. पाइप ओढ. तुझा तो जुना कोट घाल, मी धुणार नाही.”

वेल्डननी कोटाचा विचार केला असावा, कारण त्यांच्या मिशा हलल्या. मग चेहरा पुन्हा बदलला. तंबूतून खडकापर्यंत जायचं कसं? आम्ही दोघी वर गेलेल्या असणार. मी म्हटलं, मी सोडून वर येते. त्यांनी मान हलवली. हाताला धरून नाही, म्हणाले.

आयडेला उठून परसात गेल्या आणि गवताच्या गठ्ठ्यांना बांधतात त्या नारिंगी सुतळीचा गुंडा घेऊन आल्या. तो त्यांनी वेल्डनपुढे ठेवला आणि भांडी घासायला लागल्या. वेल्डन सुतळी दोन बोटांत धरून ओढून बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “बेकन जाड कापलेलं घेशील ना? पातळ लवकर करपतं. मला रंग दिसणार नाही, आवाजावर काढावं लागेल.”

भांड्यांचा आवाज थांबला. “जाड घेते,” आयडेला म्हणाल्या.

मोसम उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघांनी तळ टाकला. पोस्टाने परत न पाठवलेला टॅग आयडेलांच्या खिशात होता. उजेड असतानाच त्यांनी तंबूच्या खुंटीपासून खडकापर्यंत सुतळी बांधली, कमरेच्या उंचीवर, झुडपा-झुडपाला गाठ मारत. वेल्डननी ती वाट एकट्याने जाऊन-येऊन तपासली आणि एक गाठ सैल आहे अशी तक्रार केली.

पहाटे आयडेला आणि मी खिंडीत चढलो. त्या सावकाश चढल्या, मध्ये मध्ये बसल्या, पण थांबल्या नाहीत. दोन खडकांच्या फटीत त्यांनी आपली जागा केली, घडी घातलेल्या कोटावर रायफल टेकवली. उजाडलं. खालून हवा अजून आमच्याकडे येत नव्हती. ऊन समोरच्या कड्यावर आलं, तिथून खोऱ्यात उतरलं, झुडपांवर आलं. माझ्या गालावर वारा फिरल्याचं मला जाणवलं.

मी दुर्बीण खाली वळवली. वेल्डन येत होते. डावा हात सुतळीवर, उजव्या हातात तवा. पाठीवर पोतं. खडकाशी पोचल्यावर त्यांनी तवा ठेवला, चाचपून स्टोव्ह मांडला, पेटवला आणि त्याच्याजवळ बसले. पाइप पेटवली. मग मान कलती करून तव्याकडे कान दिला. एवढ्या लांबून मला ते बेकन दिसत नव्हतं. उलथणं हातात घेऊन वाट बघणारा माणूस दिसत होता.

मी आयडेलांना सगळं हळू आवाजात सांगत होते. त्या झुडपांवरची नजर काढत नव्हत्या. “कोट घातलाय?” एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घातलाय.

झुडपांत आधी एक कान हलला. मग दुसरीकडे पाठ दिसली. नर उठू लागले, खाली खडकाच्या दिशेला नाकं करून उभे राहिले आणि मग वळून आमच्याकडे चढू लागले, घाई न करता, एकामागे एक. पहिला खूप मोठा होता आणि तो कड्याच्या आडून गेला. आयडेलांनी त्याला जाऊ दिलं. दुसरा मध्यम, सरळ वाटेने येत होता. खिंडीच्या तोंडाशी तो थांबला आणि मागे वळून त्याने पुन्हा एकदा खाली पाहिलं.

त्यांचा खांदा हलला नाही. एकच आवाज झाला. नर चार-पाच ढांगा गेला आणि गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला.

आम्ही जवळ गेलो तेव्हा तो संपला होता. आयडेला त्याच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ बसल्या. मग त्यांनी खिशातून टॅग काढला आणि उरलेल्या नारिंगी सुतळीने शिंगाला बांधला. गाठ मारायला मी मदत केली.

मी दुर्बीण त्यांना दिली. खाली वेल्डन उभे राहिले होते. एका हातात उलथणं तसंच. आमच्याकडे त्यांचं तोंड नव्हतं. ते मान वळवून दुसरीकडे, ओढ्यापलीकडच्या मोकळ्या उतारावर बघत होते, जिथे काहीही नव्हतं.

आयडेलांनी दुर्बीण खाली केली, डोक्यावरचा लाल रुमाल सोडला आणि तो वर धरून हलवू लागल्या.

“बघतोय माझ्याकडे,” त्या म्हणाल्या.

खाली वेल्डननी, तोंड तसंच दुसरीकडे ठेवून, उलथणं वर केलं.